रोवणीच्या हाताचं पिस्तूल

रोवणी लागली की माझा उजवा हात माझ्या ओळखीचा राहत नाही. पहिले काही दिवस जाणवत नाही. मग बोटांची पेरं फुगायला लागतात, तळव्याची कातडी पांढरी पडून सुरकुतते, अंगठ्याच्या बेचक्यात चिरा जातात आणि नखांच्या कडेला चिखल असा बसतो की दिवाळीपर्यंत हलायचं नाव घेत नाही. रोवणीला जाणाऱ्या सगळ्याच बायांचं हे होतं, त्यात मिरवण्यासारखं काही नाही. यंदाही परवापासून आमच्या बांध्यांमध्ये धानाची रोवणी सुरू झाली. बांधी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताचा एकेक तुकडा, चारी बाजूंनी मातीचा पार घालून पाणी अडवलेला. मी वाकून पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी सोडली, पहिलं रोप चिखलात दाबलं, आणि दर वर्षी येतो तोच विचार याही वर्षी आला. अशाच हातानं मी एकदा पिस्तूल निवडलं होतं.

आमच्या जिल्ह्यात पिस्तूल म्हटलं की माणसं आधी आवाज खाली आणतात, म्हणून लगेच सांगून टाकते. ते नेमबाजीच्या स्पर्धेचं पिस्तूल होतं. हवेच्या दाबावर चालणारं, शिशाचा मुगाएवढा छर्रा सोडणारं. समोर एक कागद, कागदावर एक काळं वर्तुळ, वर्तुळाच्या मधोमध एक ठिपका. ठिपक्याला दहा गुण, बाहेर जावं तसा एकेक कमी. हात लांब करून, एकाच हातात पिस्तूल धरून त्या ठिपक्यात भोक पाडायचं. पुन्हा पाडायचं. पुन्हा पाडायचं. एवढाच तो खेळ. यात जीव ओतावा असं काय आहे, हे मला आजही कोणाला समजावून सांगता येत नाही. पण मी ओतला होता.

माझं गाव आरमोरीच्या पुढे, जंगलाला लागून. शिकायला मी गडचिरोलीत वसतिगृहात होते. तिथल्या आमच्या खेळाच्या सरांनी एका रिकाम्या गोदामात दोरीवर कागद टांगून आम्हा मुलींना हा नाद लावला. सगळ्यांमध्ये मिळून एकच पिस्तूल होतं. त्याची मूठ इतक्या हातांनी झिजलेली की ती कोणाचीच उरली नव्हती. तरी मी त्याच पिस्तुलावर जिल्ह्यात पहिली आले, विभागात वर आले, आणि मग एका उन्हाळ्यात त्याची हवा जी गळायला लागली ती काही केल्या थांबेना. थंडीत पुण्याला राज्य संघाची निवड चाचणी होती. कनिष्ठ गटातलं माझं ते शेवटचं वर्ष. संघात नाव आलं तर राज्याच्या सराव शिबिरात राहणं, खाणं, पुढचं शिक्षण, सगळं तिकडेच. नाही आलं तर घरी. घर म्हणजे बांधी. मी एकुलती एक, वडील आधीच गेलेले, आणि आईचं वाकणं आता सरळ होईनासं झालेलं.

पिस्तूल घेतलं ते गावानं. आमच्या गावाला जंगलाचे हक्क मिळालेले आहेत. तेंदूपत्ता आणि बांबू गाव स्वतः विकतं आणि आलेल्याचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवते. हात वर करून मतं मोजायची पद्धत आमच्याकडे नाही. एकाही माणसाचं मन नसलं तर ठराव होत नाही, मग बसून राहा संध्याकाळपर्यंत. त्या श्रावणात मी रोवणीसाठी महिनाभर गावीच होते. पाऊस इतका झाला की नुकते रोवलेले पऱ्हे बुडाले आणि पाणी उतरेपर्यंत रोवणी बंद पडली. हाताला काम नाही म्हटल्यावर सगळं गाव समाजमंदिरात येऊन बसलं आणि माझा विषय निघाला.

दसरूभाऊ आमच्या ग्रामसभेचे अध्यक्ष, पिकल्या मिशांचे, कोणत्याही गोष्टीच्या मुळाशी गेल्याशिवाय न सोडणारे. त्यांनी विचारलं, "थे मारते का व, पोरी?"

"नाई जी. कागदाले भोक पाडते."

"भोक पाडाले एवढा खटाटोप? दाभण घे न मंग."

सभा हसली. हसणं ओसरल्यावर मागून सखूबाईनं विचारलं, "घरात ठेवाचं का थे? अन कोणी आलं त्?" मग कोणी हसलं नाही. आमच्या भागात कोण कोण येऊ शकतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणाचंच नाव कोणी घेत नाही. अंगावर वर्दी दोन्हीकडे असते.

तेव्हा माझी आई उठली. ग्रामसभेत ती कधी तोंड उघडत नसे. पदर सावरून तिनं आपले दोन्ही हात पुढे धरले, चिरा पडलेले, बोटं सुजलेली, नखं काळी. म्हणाली, "पोरगी निवडून आली त् थे इथी राह्यतेच कायले? थे तिकडं जाईन अन पोरगीबी तिकडंच राहीन. मले एवढंच पाह्यजे. तिचे हात माह्यासारखे नाई झाले पाह्यजे." मग खाली बसली आणि सभा संपेपर्यंत तिनं मान वर केली नाही. ठराव झाला. पाणी उतरायच्या आत जाऊन या, असंही ठरलं, कारण रोवणी सुरू झाली की गावातून एक माणूस हलू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं नागपूरला गेलो. मी, आई आणि गावातर्फे दसरूभाऊ. सरांना त्यांच्या कामातून निघता आलं नाही. फोनवर त्यांनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. नावाला भुलू नको, रंगाला भुलू नको, दुसरी काय वापरते ते पाहू नको. मूठ हातात घे, डोळे मीट, हात उचल, मग डोळे उघड. नळीच्या टोकावरची माशी मागच्या खाचेच्या बरोबर मध्ये दिसली तर ते पिस्तूल तुझं. इकडे तिकडे दिसली तर ठेवून दे, कितीही आवडलं असलं तरी. "हात सांगेल तेच घे," सर म्हणाले.

दुकानदार सभ्य माणूस होता. आमचे चिखलाचे पाय त्याच्या फरशीवर उमटले, पण त्यानं चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. माझ्या तळहातांवर मेंदी पाहून त्यानं विचारलं, "घरी लग्न आहे वाटतं?"

"नाई जी, रोवणी हाये," आई म्हणाली.

तो हसला. त्याला काही कळलं नव्हतं. चिखलानं कातडी सडू नये म्हणून आमच्या बाया रोवणीच्या दिवसांत हातापायांना मेंदी थापतात, हे नागपूरच्या काचेच्या दुकानातल्या माणसाला का माहीत असावं?

त्यानं तीन पिस्तुलं काढून हिरव्या कापडावर ठेवली. पहिलं लांब नळीचं, पुढे जड. डोळे उघडले की माशी खाली लोंबलेली दिसे, ते लगेच बाजूला गेलं. दुसरं आटोपशीर, लहान मुठीचं. त्यानंच मला आधी भूल घातली. किती हलकं, किती शहाणं. पण हातात घेतलं तर बोटं दाटीनं बसली, मुठीची कड अंगठ्याच्या चिरेत घुसली आणि डोळे उघडले तर माशी खाचेच्या उजव्या भिंतीला टेकलेली. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मन मारून ते ठेवलं. तिसरं घेतलं. त्याची मूठ मोठी, तपकिरी लाकडाची, तळव्याला टेकायला खाली एक पाळी. हात आत गेला तो जागेवर जाऊनच थांबला. डोळे मिटले, उचललं, उघडले. माशी मधोमध, दोन्ही बाजूंना सारखा उजेड.

दसरूभाऊंनी तिन्ही पिस्तुलं उचलून पाहिली, कुऱ्हाडीचा दांडा पाहतात तशी. आमच्याकडे दुसऱ्याच्या हातानं कुऱ्हाड कोणी घेत नाही. जो वापरणार त्यानंच दांडा पारखायचा, हा नेमच आहे. ते म्हणाले, "तुह्या हाताले जो बसला थोच." आईनं मूठ चोळून विचारलं, "लाकूड कायचं हाये?" अक्रोडाचं आहे म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. सागाचं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं. मी तिसरं घेतलं.

आजही त्या दुकानात मनानं गेले की मी आम्हा तिघांकडे पाहते. तिघांनीही माझा हात पाहिला होता. सुजलेला, फुगलेला, महिनाभर पाण्यात भिजलेला. तिघांपैकी एकालाही त्यात वावगं दिसलं नाही, कारण आमच्या अख्ख्या गावाचे हात तेव्हा तसेच होते. आणि दुकानदारानं तर माझा हात पहिल्यांदाच पाहिला होता. आम्ही बाराही महिने तसेच असतो, असं त्याला वाटलं असेल, तर त्याला तरी काय बोल लावणार?

येताना तपासणीच्या नाक्यावर बस थांबली. जवानानं पेटी पाहून विचारलं, यात काय आहे. मी कागद काढेपर्यंत दसरूभाऊंनी छाती काढून सांगून टाकलं, "पिस्तूल हाये जी. आमच्या गावाचं."

"गावाचं?"

"हो जी. साऱ्यायनं मिळून घेतलं."

बस आम्हाला सोडून गेली. अधिकारी आले, सरांना फोन झाला, कागद वाचले गेले, पुन्हा वाचले गेले. आई पेटी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती, कोणाचं तान्हं सांभाळायला दिल्यासारखी. शेवटी त्यांची खात्री पटली. साहेबांनी चहा पाजला आणि दसरूभाऊंना हसत सांगितलं, "आजोबा, पुढच्या वेळी खेळाचं म्हणा." दसरूभाऊ पुढे कित्येक दिवस ही गोष्ट रंगवून सांगत. मीही हसत असे. त्या पावसात मी सारखी हसतच होते. हातात आता माझं पिस्तूल होतं.

रोवणी संपली. भाद्रपद गेला. धान पोटरीला आलं, मग लोंब्या टाकून निसवलं, मग पिवळं पडायला लागलं. मी गडचिरोलीला सरावाला परतले होते आणि माझे छर्रे डावीकडे खाली जायला लागले होते. आधी थोडे, मग अधिक. मी खाचेचे स्क्रू फिरवले. चार छर्रे बरे गेले की पाचवा पुन्हा पळायचा. पाय बदलून पाहिले, श्वास बदलून पाहिला, उपास केला, उपास सोडला. सर म्हणाले, मन स्थिर नाही. मलाही तेच वाटायला लागलं. रात्रंदिवस मी माझ्याच मनाचा गळा धरून बसले होते, आणि ते बिचारं निरपराध होतं.

कळलं ते एका बांगडीमुळे. दिवाळीला घरी आले होते. श्रावणात साबण लावूनही न चढलेली काचेची बांगडी मी सहज हातात घातली आणि हात खाली केला, तर ती घरंगळून जमिनीवर पडली आणि फुटली. मी तुकड्यांकडे पाहिलं. मग हाताकडे पाहिलं. पेटी उघडली, पिस्तूल घेतलं, डोळे मिटून हात उचलला आणि डोळे उघडायची भीती वाटली. उघडले. माशी डाव्या भिंतीला चिकटली होती. तळव्यात आणि मुठीत कागदाची घडी जाईल एवढी पोकळी होती. पिस्तूल माझ्या हातात नव्हतंच. ते रोवणीच्या हातात होतं, आणि तो हात वाळून गेला होता.

दुकानदाराला फोन केला. लहान मूठ परदेशातून मागवावी लागेल, म्हणाला, यायला चाचणी उलटून जाईल. ते दुसरं, लहान पिस्तूल? ते कधीच विकलं गेलं होतं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "हात सांगेल तेच घे म्हटलं होतं मी."

"हातानंच सांगितलं, सर."

गावात तर मी तोंडातून शब्द काढू शकले नाही. ज्या सभेनं एकमतानं घेतलं, त्या सभेसमोर उभं राहून काय सांगायचं? की तुम्ही घेतलेली वस्तू माझ्या मापाची नाही? सागाचा भुसा धावड्याच्या डिंकात मळून मुठीला लावला, तो वाळला आणि तडकला. सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, तो घामानं सरकला. कापडाची पट्टी लावली. एक दिवस बरं जायचं. त्या एका बऱ्या दिवसाच्या भरवशावर मी पुढचे आठ वाईट दिवस काढायची. अंथरुणावर पडले की उजव्या हाताची बोटं ताणून पाहायची, मोठी होतात का म्हणून. माणूस वेडा होतो तो एकदम होत नाही, असा थोडाथोडा होतो.

चुलीजवळ बसलेल्या आईला एका सकाळी मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दे पाहू." लावलेले सगळे तुकडे सोलून टाकून मी पिस्तूल तिच्या हातात दिलं. तिनं मूठ धरली, आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा उजळला. "मले तं बरोबर बसून राह्यलं व!" खरंच बसलं होतं. वर्षानुवर्षांच्या रोवणीनं, कापणीनं, लाकूडफाट्यानं तिच्या हाताची सूज हाडात उतरली होती. ती उन्हाळ्यातही उतरत नसे. कारागिरानं तिच्याच हाताचं माप घेऊन बनवावी तशी ती मूठ तिच्या तळव्यात गेली होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पिस्तूल हळूच खाली ठेवलं. मला तिचा राग आला. कशाचा राग, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

उपाय तिनंच काढला. "त्याले रोवणीचा हात पाह्यजे न? मंग करू रोवणीचा हात." परसात घमेलं मांडलं, बांधीतली माती आणली, कोमट पाणी ओतून कालवली आणि माझा हात मनगटापर्यंत त्यात दाबला. मार्गशीर्षातली थंडी, अंगावर घोंगडं, आणि घमेल्यात हात घालून बसलेली मी. येणारीजाणारी माणसं विचारत, "काय करून राह्यली व?" आई सांगायची, "धान रोवून राह्यली." लोक हसत पुढे जात. बऱ्याच वेळानं हात काढला की तो फुगलेला असे, पांढरा, सुरकुतलेला. पुसून मूठ धरली तर पोकळी भरलेली. परसातच दोरीवर कागद टांगला होता, आणि छर्रे आत यायला लागले. नवात, मग दहात. मला त्या दिवसांइतकी आशा पुन्हा कधी वाटली नाही. ती नसती वाटली तर बरं झालं असतं.

आई पुण्याला आली ती स्टीलच्या झाकणाच्या डब्यात बांधीतली माती घेऊन. उतरायच्या खोलीत इतर मुली होत्या, नीट बांधलेल्या केसांच्या, नीट मापाच्या मुठींच्या. मी पहाटेच बादलीत हात घालून बसलेली पाहून एकीनं अगदी प्रेमानं विचारलं, "कुठली माती ही? मुलतानी?"

"बांधीतली," आई म्हणाली.

"अच्छा," ती म्हणाली.

मी माझ्या जागेवर उभी राहिले तेव्हा हात रोवणीचा होता. डोळे मिटले, उचलला, उघडले. मधोमध. पहिले छर्रे मी आजही क्रमानं सांगू शकते, पण सांगत नाही. छर्रा कुठे लागला ते दाखवणाऱ्या समोरच्या स्क्रीनवर ठिपके एकमेकांवर पडत होते आणि मागे कठड्यापलीकडे आई पदराचं टोक चावत उभी होती. मी मनात म्हटलं, देवा, एवढंच. बाकी जन्मभर काही मागणार नाही.

मग हात वाळायला लागला.

पुण्याची थंडी कोरडी. नेमबाजीच्या हॉलमध्ये वर पिवळे दिवे, आत कोमट हवा. आधी बोटांच्या टोकांची सुरकुती गेली. मग तळव्याची कातडी ओढली गेल्यासारखी झाली. मुठीत कुठेतरी केसाएवढी जागा झाली आणि एक छर्रा आठात गेला. मी ओला करून ठेवलेला रुमाल तळव्याला लावला. वरून ओला झालेला हात नुसता निसटतो, फुगत नाही. पुढचा सातात. मी पिस्तूल खाली ठेवलं, हाताकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. मूठ आवळून धरली तर माशी थरथरे, सैल सोडली तर पिस्तूल वळे. यात मन कुठेच नव्हतं. मन स्थिर होतं, श्वास स्थिर होता, पाय खिळलेले होते. माझ्या डोळ्यांसमोर माझा हात लहान होत होता आणि मला तो थांबवता येत नव्हता. मातीचा डबा आईच्या पायाशी होता, कठड्याच्या त्या बाजूला. तिला काही कळलं नव्हतं, पण मी हाताकडे पाहते आहे हे तिनं पाहिलं होतं. ती खाली वाकली आणि डब्याचं झाकण उघडून उभी राहिली. तिच्या हातात उघडा डबा, आणि मध्ये कठडा. शेवटच्या छर्ऱ्यापर्यंत ती तशीच उभी होती.

यादीत माझं नाव कुठे होतं ते सांगण्यात अर्थ नाही. वर नव्हतं.

आई रडली नाही. डब्यातली माती टाकून येते असं म्हणत मी डबा घ्यायला गेले तर ती म्हणाली, "आपली माती इथी कायले टाकाची?" तो डबा परत आला, आमच्या मांड्यांवर आळीपाळीनं, पुण्यापासून आरमोरीपर्यंत. घरी आल्यावर तिनं माती बांधीत नेऊन ओतली.

ग्रामसभेत मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. सगळं सांगून झाल्यावर दसरूभाऊंनी आपला स्वतःचा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "आमाले दिसाले पाह्यजे होतं." त्यांचे डोळे खाली होते. कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी भांडले असते. भांडायला मला येतं. पिस्तूल विकायचं नाही, पोरीजवळच राहू द्यायचं, असा ठराव झाला. तोही एकमतानं.

दसरूभाऊ आता नाहीत. दर दसऱ्याला ते पिस्तूल मागवून घेत आणि विळे, कुऱ्हाडी, नांगराच्या फाळांमध्ये ठेवून त्याला हळदकुंकू लावत. त्यांच्यानंतरही ती रीत सुरू आहे. नवी पोरं त्याच्यासोबत फोटो काढतात. वसतिगृहातल्या सरांची बदली झाली. मी बी.ए. झाले, कशाला झाले ते विचारू नका, आणि शेत पाहायला लागले. आई वाकायची त्या जागी मी वाकते. आई बांधीच्या पारावर बसून मला सांगते, जुडी सैल सोड, ओळ वाकडी जाऊन राह्यली.

खरं सांगायचं तर हा लेख रोवणीवर नाही. रोवणीच्या दिवसांत ते पिस्तूल मला नेहमीच बसत आलं आहे, त्यात नवल नाही. कधीतरी संध्याकाळी काढून डोळे मिटून पाहते आणि ठेवून देते. नवल झालं ते या उन्हाळ्यात. वैशाखात, मागची रोवणी होऊन आठ-नऊ महिने उलटल्यावर, नद्यानाले कोरडे पडलेले असताना. ट्रंकेतले कपडे उन्हात घालायला काढले तेव्हा पेटी हाताशी आली. मुठीच्या कडेला उरलेला तेव्हाचा डिंक सुटत आला होता, मी तो नखानं खरवडून टाकला. हात कोरडा ठणठणीत होता. त्या दिवसांत चिखल पाहायला मिळत नाही, लावायचा कुठून? मी सवयीनं मूठ धरली, डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले.

माशी खाचेच्या मधोमध होती. दोन्ही बाजूंना सारखा उजेड.

मी पिस्तूल डाव्या हातात घेतलं आणि उजव्या हाताकडे पाहिलं. पेरं जाड, अंगठ्याच्या बुडाशी गाठ, बोटं जराशी वाकलेली. मी पुन्हा धरलं, पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तसंच. कागदाची घडी काय, केसही गेला नसता त्या मुठीत. आई दारात वाळवणाजवळ बसली होती, तिनं विचारलं, "काय व, काय झालं?"

"बसलं," मी म्हटलं. "आता बसलं बरोबर."

ती उठून आत आली. पिस्तुलाकडे तिनं पाहिलंच नाही. माझा हात धरला, उलटा केला, सुलटा केला, आपला हात त्याच्या शेजारी धरला. पुण्यात ती रडली नव्हती, ग्रामसभेत रडली नव्हती. "आता काऊन बसलं व थे?" ती म्हणाली, आणि माझा हात कपाळाला लावून रडत राहिली.